तहानपट्टीला पाजलेलं पाणी

एका गावात एक वावर असं होतं, की त्याला कुणी पाणी द्यायचं नाही. विहीर काठोकाठ असो, शेजारून पाट वाहत असो, तरी नाही. लोक त्याला तहानपट्टी म्हणत. सगळ्या गावाच्या गव्हाचं बी तिथलंच. रोपं ठेंगणी, दाणा बारीक, कुसळं काळीकुट्ट. निम्मी रोपं उन्हानं तिथंच मरायची. जी उरायची त्यांचं बी घरोघर जायचं. असं का, ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जुनी माणसं करत आली, म्हणून करायचं.

पट्टी राखायचा मान येसबाकडे होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कुणाचं हसणं सोसायचं नाही. एकदा त्याचे व्याही आले. त्यांनी बी ओंजळीत घेतलं आणि फिदीफिदी हसले.

"येसबा, गहू दाखवतो म्हणालात. हे तर जिरं आहे!"

झालं! दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवायला बसलं असताना, येसबानं पाटाला हळूच फट पाडली. तहानपट्टी पोटभर प्यायली.

त्या वर्षी एक रोप मेलं नाही. ओंब्या बोटाएवढ्या आल्या. "येसबाच्या हाताला गुण आहे," गाव म्हणालं. मग काय, दर वर्षी फट आणि दर वर्षी कौतुक. काळी कुसळं पांढरी कधी झाली, कुणी बघितलंसुद्धा नाही.

फक्त कोंडाआत्यानं, गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं, एकदा विचारलं, "येसबा, यंदा पट्टीत मेलं किती?"

"एकही नाही, आत्या!"

"मग वाईट झालं."

लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला.

बारा वर्षं गेली. तेराव्या वर्षी गणपतीनंतर पाऊस आलाच नाही. दिवाळीला विहिरींचा तळ दिसला. लोक म्हणाले, भ्यायचं कशाला, आपलं बी तहानपट्टीचं आहे. पेरलं.

गहू वीतभर वाढला आणि आठ दिवसांत मेला. एका वावरातला नव्हे हो, सगळ्या गावाचा! माणसं बांधावर येऊन उभी राहिली. एक बाई वाळकी रोपं मुठीत धरून नुसती बघत राहिली. जुन्या माणसांच्या आठवणीत पाऊस दोनदा दगा देऊन गेला होता. गहू कधी गेला नव्हता.

कोंडाआत्यानं एक रोप धरलं. ओढावंही लागलं नाही, आपसूक हातात आलं. मूळ जेमतेम बोटभर.

म्हातारी तडक खळ्याकडे निघाली. मागून सगळं गाव. खळ्याच्या कडेला दगडांची रास होती. मळणीत उडालेले दाणे तिथं वर्षानुवर्षं आपले आपण उगवत. तिथं पाच रोपं उभी होती. हिरवी! काळ्या कुसळांची!

"एक खणा," म्हातारी म्हणाली.

हातभर खणलं, मूळ संपेना. गडी कमरेएवढा खड्ड्यात उतरला, तरी मूळ आपलं खालीच चाललेलं. लोकांचे डोळे फाटले.

"हे आपलं जुनं बी. ह्याला कुणी पाणी पाजलं नाही," म्हातारी म्हणाली. "पट्टीला कुणी पाजलं?"

येसबानं त्या लांबलचक मुळाकडे बघितलं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण मग गाव पुन्हा पट्टीचंच बी पेरणार आणि पुन्हा हेच बघणार.

"मी," तो म्हणाला. "बारा वर्षं."

त्याची बायकोसुद्धा त्याच्याकडे परक्यासारखी बघायला लागली. एक जण अंगावर धावला. आत्यानं काठी आडवी घातली.

"बारा वर्षं नापासांना पास केलंस रे! जी तहानेनं मरायची ती तू जगवलीस. तीच फुगली, तीच बियाण्याला गेली. त्यांची पोरं त्यांच्यासारखीच निघाली, उथळ मुळांची."

"माझा मान काढून घ्या, आत्या."

"बरा सुटशील! पट्टी तूच राखायची. उरलेल्या चार रोपांचं बी लाव आणि मरणाऱ्याला मरताना बघ. हात मागं बांधून."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. येसबानं पट्टीत दाणे टोकले. ऊन तापलं. एक रोप पिवळं पडलं, मग दुसरं, मग ओळच्या ओळ. शेजारी पाट खळखळ वाहत होता. येसबा हात मागं बांधून बांधावर उभा राहिला.

व्याही पुन्हा आले. बी ओंजळीत घेऊन म्हणाले, "काय हो, अजून जिरंच?"

"जिरंच," येसबा म्हणाला, आणि त्यानं एकेक दाणा त्यांच्या ओंजळीतून परत घेतला.

तात्पर्य: तहानलेल्या माणसाला जरूर पाणी पाजा, पण जिथं कस पाहायचा असतो, तिथं स्वतःच्या कौतुकासाठी चोरून मदत केलीत, तर पुढच्या पिढ्यांना उपाशी माराल.