सावरीचा कापूस आणि एक केस

टिच.

एवढाच आवाज. पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, गावं जेव्हा झाडांच्या नावाने ओळखली जात, तेव्हा एका जादूगाराने तो ऐकला होता. त्याच्या नव्या नवरीने आपल्या डोक्यातला एक लांब काळा केस उपटला, त्याचा तो आवाज. तुम्ही म्हणाल, केस उपटल्याचा कधी आवाज येतो का? येतो. अगदी जवळ बसलेल्याला येतो.

त्या दोघांचं खोपट गावाच्या वेशीवर होतं, एका म्हाताऱ्या सावरीच्या झाडाखाली. खोपट त्यांचं होतं आणि नव्हतंही. गावाने ते मानाबरोबर दिलेलं होतं.

मान असा होता. जत्रेच्या सुमाराला सावरीची बोंडं उकलत. त्यातला पहिला कापूस जत्रेच्या सकाळी जादूगाराच्या तळहातावर ठेवायचा. तो आपसूक हवेत तरंगला की देवीची पालखी उठायची. नाही तरंगला, तर मान दुसऱ्या घराला जायचा आणि मानाबरोबर खोपटही.

आता कापूस तरंगायचा कसा? त्याची सगळी जादू बायकोच्या फणेरपेटीत होती. पेटीत आरसा, फणी, कुंकू आणि मेणाची डबी. कपाळाला आधी मेण लावायचं, मग कुंकू, म्हणजे ते घामाने ओघळत नाही. त्याच मेणाचा कण ती आपल्या केसाच्या दोन्ही टोकांना लावी. एक टोक जादूगाराच्या कानामागे, दुसरं कापसाला. जादूगाराच्या अंगावर काळी घोंगडी असे. काळ्यापुढे काळा केस कुणाला दिसतोय? तो तळहात हळूच खाली नेई आणि कापूस जिथल्या तिथे राही, जणू हवेनेच त्याला मांडीवर घेतलं.

बाकीचं सामानही घरचंच. तीन करवंट्या आणि त्यांच्याखाली पळणारे चिंचोके. हळदीचं पाणी आणि बोटाच्या पेरात लपवलेला खायचा चुना. बोट बुडालं की पाणी लालभडक. शोधून द्यायची ती, दाखवायचा तो.

अशी कैक वर्षं गेली. एकदा जादूगार राजाच्या नगरीत गेला. तिथे एक दुकान होतं, फक्त जादूच्या सामानाचं. चांदीचे पेले, मखमली चेंडू, चोरकप्प्याच्या पेट्या. दुकानदाराने त्याची झोळी उघडून पाहिली.

"काका, या करवंट्यांनी जादू करता की आमटी वाढता?"

दुकानातली माणसं हसली. जादूगारही हसला, पण करवंट्या त्याने झोळीत खाली सारल्या. मग दुकानदाराने चंदनाची एक डबी उघडली. आत रेशमाचा एक तंतू होता, समुद्रापलीकडचा. उजेडात धरला तरी दिसेना.

पुढच्या बाजाराला जादूगार घरची दुभती शेळी घेऊन नगरीत गेला आणि डबी घेऊन आला.

बायको म्हणाली, "शेळी गेली, दोरा आला. आता दोऱ्याचं दूध काढा."

"अगं, बघ तर खरं. दिसतसुद्धा नाही."

"म्हणजे माझा केस नको आता?"

"कशाला उगाच? साधा केस तो. याच्यापुढे काय?"

ती "बरं" म्हणाली आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

तंतू चांगला होता, खोटं कशाला बोला. सात जत्रा त्याने कापूस तरंगवला. जादूगार डबी उशाशी घेऊन निजे. घरात आता त्या "टिच" आवाजाची कुणाला आठवणही राहिली नाही.

आठव्या जत्रेची सकाळ उजाडली. धुकं सावरीच्या फांद्यांत अजून पेंगत होतं. जादूगाराने डबी उघडली. आत तंतू नव्हता. चिमूटभर भुसा होता. रेशमाला कसरीची कीड लागली होती.

तो डबी हातात धरून तसाच बसून राहिला. देवळापाशी संबळ वाजू लागला.

बायको दारात आली. तिने डबी पाहिली, त्याचा चेहरा पाहिला. तो काही मागेना. कोणत्या तोंडाने मागणार? ती आत गेली, फणेरपेटी घेऊन आली, त्याच्याजवळ बसली आणि डोक्याला हात लावला.

टिच.

जादूगाराच्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी ऐकला त्याने तो आवाज.

तिने मेण लावून केस त्याच्या हातात दिला. तो त्याने सवयीने घोंगडीपुढे धरला. केस पांढरा होता. काळ्या घोंगडीवर तो विजेच्या रेघेसारखा चमकत होता.

"काळा एखादा असेल गं," तो हळूच म्हणाला.

"होते तेव्हा होते," ती म्हणाली. "सात वर्षं पाहिलं कुठे तुम्ही माझ्या डोक्याकडे?"

"काजळी लावू या केसाला."

"लावा. गावाला काळी बोटं दाखवा."

संबळ जवळ आला. जादूगार उठला, बसला, पुन्हा उठला. "संपलं," तो म्हणाला. "खोपट सोडावं लागणार. सावरीखालून उठावं लागणार."

तिने बाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, केस काळा होत नसेल, तर घोंगडी पांढरी होऊ द्या की."

"म्हणजे?"

ती उठली आणि दांडीवरची जुनी पासोडी घेऊन आली. जुन्या धोतरांची, धुऊन धुऊन दुधासारखी झालेली. ती तिने त्याच्या अंगावर घातली आणि केस पासोडीपुढे धरला. केस कुठे गेला, तिलाही दिसेना.

"पण कापूसही पांढराच. तोही दिसायचा नाही," जादूगार म्हणाला.

तिने कापसाच्या पुंजक्यावर चिमूटभर कुंकू भुरभुरलं. "आता दिसेल. आणि हात बेताने न्या. म्हातारा केस आहे, ओढ सोसायचा नाही."

वेशीत सगळा गाव जमला होता. पाटलांनी भुवया चढवल्या. "काय हो, आज घोंगडी नाही? थंडी पळाली का?"

"घोंगडी म्हातारी झाली, पाटील," जादूगार म्हणाला. "माझ्यासारखीच पांढरी झाली."

लोक हसले. त्याने तळहात पुढे केला. लाल पुंजका त्यावर टेकला होता. श्वासही न घेता त्याने हात खाली नेला, तिळातिळाने, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून काढावा तसा.

पुंजका हवेत राहिला.

संबळ थांबला. वरून सावरीचा कापूस गळत होता, धुकं विरत होतं, आणि त्या सगळ्या पांढऱ्यात तो एक लाल ठिपका डुलत होता. कोण जमिनीवर आहे आणि कोण तरंगतंय, हेच लोकांना उमगेना. एका आजीबाईने नकळत हात जोडले. मग पालखी उठली.

खोपट राहिलं. मान राहिला. जत्रा पुढे गेली, वेस रिकामी झाली.

जादूगार पायरीवर बायकोशेजारी येऊन बसला. तो केस अजून त्याच्या बोटाला गुंडाळलेला होता. त्याने तो खूप वेळ पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. तिचा एकेक केस कधी पांढरा झाला, त्याला ठाऊकच नव्हतं.

"इतकी वर्षं केस उपटून देत होतीस," तो म्हणाला. "दुखायचं का गं?"

तिने त्याच्या खांद्यावरची पासोडी सारखी केली. डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या. मग घागर उचलली आणि गळत्या कापसातून, पाण्याच्या वाटेने चालू लागली.

बोध एवढाच: घरातून मिळालेली वस्तू साधी असते, पण ती देणाऱ्याची कळ साधी नसते.