कात्री आणि ठिपकेवाली

माणसानं पहिलं भिंग घासलं त्याच्याही फार आधी, एका डबक्यात एक जिवाणू राहायचा. त्याचा जीव एका लांब धाग्यात होता. विषाणू आपले धागे त्याच्या घरात घुसवायचे आणि पहाऱ्यावरची कात्री त्यांचे तुकडे करायची. घरचा धागा चुकून कापला जाऊ नये, म्हणून ठिपकेवाली त्याच्यावर ठिपके देत बसायची.

एकदा डबक्यातलं अन्न आटलं. जिवाणू ठिपकेवालीवर खेकसला, "कात्री लढते म्हणून आपण जगतोय. तू नुसती ठिपके काढत बसतेस. नीघ इथून!"

"मग नव्या धाग्याला ठिपके कोण देणार?"

"कात्री आपल्या माणसांना ओळखत नाही की काय?"

ठिपकेवाली निघून गेली.

पुढे अन्न आलं, जिवाणूनं हौसेनं जुन्या धाग्याच्या जागी नवा धागा विणला. कात्री त्याच्यावर धावली.

"अगं थांब, तो आपलाच आहे!"

"ठिपका कुठाय?" कात्रीनं विचारलं आणि धाग्याचे तुकडे केले. जिवाणू तिथंच गतप्राण झाला.

दुसऱ्या दिवशी एक विषाणू आला, आत डोकावला आणि आल्या पावली परत गेला.

"बघितलंत मालक?" कात्री आत वळून म्हणाली, "नुसती मला बघूनच पळाला!"