पुढच्या मालकाचं प्लास्टिक

एकदा एका मुलीने गाडी घेतली आणि ज्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्या सगळ्यांनी तिला सल्ले दिले.

मुलीचं नाव कस्तुरी. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून, स्वतःच्या पगारातून तिने ही गाडी घेतली होती. गाडी लहान, बसकी, लालभडक आणि स्वभावाने जरा तापट. शर्यतीची नव्हे, पण शर्यतीचं रक्त अंगात असलेली. कस्तुरीही तशीच होती, फक्त घरात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

गाडी दारात आली त्या दिवशी तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि लगेच आवाज चढवून पहिला नियम सांगितला, “सीटवरचं प्लास्टिक कोणी काढायचं नाही. उद्या विकायला काढली तर गाडी कोरी दिसली पाहिजे.”

अण्णा दुष्ट नव्हते हो. त्यांचा जन्मच असा गेला होता. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट पिशवीत घालून वर रबर लावलेलं असे. शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी सोनेरी काठाचे कप होते. पाहुणे येत, चहा पिऊन जात, कप मात्र शोकेसमध्येच राहत. हसू नका. आपल्यापैकी किती जणांच्या घरात हेच चाललं आहे, ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला मनस्वी राग येतो.

तर त्यांच्या गावाबाहेर एक जुना घाट होता. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे वाहनं फिरकत नसत, म्हणून दसरा झाला की तिथे मोटारींची चढणीची स्पर्धा भरे. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, वर कोण लवकर पोचतं ते पाहायचं. नवख्यांना मात्र आधी चाचणी द्यावी लागे. घाटात बैलथांबा नावाचं एक अवघड वळण होतं. पूर्वी गाडीचे बैल तिथे दम खात. त्या वळणाच्या बाहेरच्या कडेला, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली असे. गाडीचं चाक त्या रेघेला लागलं की चाचणी बाद. संधी दोन.

कस्तुरीने स्पर्धेचं नाव काढलं तेव्हा घरात वादळ झालं. शेवटी अण्णांनी निकाल दिला, “चाचणीत पास झालीस तर गाडी ठेव. नाही तर दिवाळीच्या आत विकायची. गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय. त्यांचं एवढंच म्हणणं आहे, की सीटचं प्लास्टिक तसंच राहू दे.” कस्तुरीने मान खाली घातली. घरच्यांनी तो होकार समजला.

सराव सुरू झाला आणि पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. खालचा सगळा घाट ती सुरेख चढे, पण बैलथांब्याला गाडी हटकून बाहेर जाई. कितीही काळजी घ्या, चाक फक्कीत! तिला वाटलं, गाडीतच काहीतरी कमी आहे. ती बाजारातल्या शेठकडे गेली. गाड्या नटवायचं त्यांचं मोठं दुकान होतं. शेठनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, “मॅडम, बिनधास्त राहा. मागे पंख लावू, जाडा सायलेन्सर टाकू, दोन्ही बाजूंनी रंगीत पट्टे मारू. गाडी उभी असली तरी पळतीये असं वाटेल!”

पंख लागला, पट्टे लागले. सायलेन्सर असा गरजू लागला की गल्लीतली कुत्री उठून पळाली. आणि गाडी बैलथांब्याला पुन्हा फक्कीत गेली. वर कठड्यावर बसलेली पोरं हसून लोळायची बाकी राहिली. एक जण ओरडला, “ताई, आवाज पोचला की वर! गाडी कुठाय?” त्या दिवशी कस्तुरी घरी जाऊन रडली. दुःखाने नव्हे, संतापाने रडली.

त्या गावात एक वृद्ध गुरू होते. तरुणपणी त्यांनी हाच घाट अनेकदा जिंकला होता आणि आता ते नवशिक्यांना गाडी शिकवत. नाव दौलतराव, पण सगळे त्यांना वस्ताद म्हणत. डोक्याला टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. कस्तुरी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “वस्ताद, इंजिनाची ताकद वाढवायची आहे. सुरुवात कुठून करू?”

“आधी मला बैलथांबा दाखव,” वस्ताद म्हणाले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

ती घाट चढली. वस्तादांनी एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही. ते तिच्या कोपरांकडे पाहत होते, गुडघ्यांकडे पाहत होते. बैलथांबा आला आणि गाडी ठरल्याप्रमाणे बाहेर गेली. वस्ताद शांतपणे म्हणाले, “थांबव.” मग त्यांनी खिशातून पेरू कापायचा चाकू काढला आणि काही कळायच्या आत आपल्या बुडाखालच्या सीटचं प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत टराटरा फाडलं.

“अहो वस्ताद!” कस्तुरी किंचाळली. “हे काय केलंत? अण्णा मला घरात घेणार नाहीत!”

वस्तादांनी फाटकं प्लास्टिक गोळा करून मागे टाकलं, कापडावर नीट मांड ठोकली आणि चाकू तिच्यापुढे धरला. “ही माझी सीट झाली. तुझी तू बघ.”

“मी इंजिनाचं विचारायला आले होते,” ती चिडून म्हणाली. “आणि तुम्ही सीट फाडत बसलात!”

“पोरी,” वस्ताद म्हणाले, “वळणात तुझे हात काय करत होते?”

“स्टिअरिंग फिरवत होते.”

“नाही. स्टिअरिंगला लोंबकळत होते. एसटीत उभा असलेला माणूस वरचा दांडा धरतो, तसं तू ते धरलं होतंस. गुळगुळीत प्लास्टिकवरून तू दाराकडे घसरत होतीस आणि पडू नये म्हणून हाताला येईल ते पकडत होतीस. सीटबेल्ट तुला पुढे जाऊ देत नाही, पण बाजूला घसरणं तो अडवत नाही. ज्या हातांवर स्वतःला सावरण्याची वेळ येते, त्या हातांनी दिशा देता येत नाही. गाडी घडवणाऱ्याने सीटच्या कडा उंच ठेवल्या आहेत त्या तुला धरून ठेवण्यासाठी. त्याने दिलेला आधार तू झाकून ठेवलास आणि बाजारात जाऊन पंख विकत घेतलास.”

वस्ताद पुढे म्हणाले, “इंजिन नंतर. पहिले बदल साधे असतात. टायर चांगले घाल, ब्रेक नीट करून घे, डिकीत अर्धा संसार भरलायस तो उतरव, आणि तो पंख शेठला देऊन टाक. पण या सगळ्याच्या आधी चालवणाऱ्याला बसायला जागा हवी. हे प्लास्टिक कोणासाठी ठेवलं आहेस?”

“पुढच्या मालकासाठी,” ती हळूच म्हणाली.

“म्हणजे आज या गाडीला मालकच नाही. तू नुसती राखणदार आहेस.”

तो शब्द तिला झोंबला. पण माणूस असा एका दिवसात बदलत नाही, कोणी कितीही सांगो. तिने टायर बदलले, ब्रेक करून घेतले, डिकी रिकामी केली, पंख आणि सायलेन्सर काढून टाकले. आपल्या सीटला मात्र हात लावायचं तिला धैर्य झालं नाही. चाकू तिने डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आणि प्लास्टिकवर एक जाडा टॉवेल अंथरला. प्लास्टिकही राहिलं आणि घसरणंही थांबेल, असा तिचा हिशेब. किती ओळखीचा आहे हा टॉवेल! आपण सगळे आयुष्यभर हाच टॉवेल अंथरत आलो आहोत.

इकडे अण्णांनी फाटकी सीट पाहिली आणि कपाळावर हात मारला. “त्या म्हाताऱ्याची गाडी आहे का ही?” ते गरजले. तडक शेठकडे गेले, आणखी जाड प्लास्टिक आणलं आणि शेजारच्या सीटवर पुन्हा चढवलं. शेठना काय, ते आनंदाने चढवायला आले.

चाचणीच्या दिवशी अण्णा घाटात हजर होते. सोबत ते गिऱ्हाईकही होतं, एक टापटीप गृहस्थ, गाडीला प्रदक्षिणा घालत असलेले. शेठ होते. कठड्यावरची पोरं तर होतीच. वस्ताद एका दगडावर पेरू खात बसले होते.

पहिली संधी. कस्तुरी सुटली, खालची वळणं झकास घेतली, आणि बैलथांब्याला टॉवेलसकट सर्रकन घसरली. टॉवेल एकीकडे, ती एकीकडे. गाडी बाहेर गेली. परीक्षक वाकले आणि त्यांनी चाकाकडे बोट दाखवलं. काळं टायर पांढरंफटक झालं होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

ती गाडी खाली घेऊन आली आणि उतरली. अण्णा जवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त वाईट होतं. “फिटली ना हौस?” ते समजुतीने म्हणाले. “आता पुरे. हे गृहस्थ आजच बोलणी करायला तयार आहेत. गाडी अजून कोरी दिसतेय, तोवर विकून टाकू.”

कस्तुरीने गिऱ्हाइकाकडे पाहिलं. ते गृहस्थ खिडकीतून हात घालून तिच्या सीटचं प्लास्टिक चाचपून पाहत होते. तिच्या सीटचं! तिच्या डोक्यात काहीतरी सणकलं. तिने दार उघडलं, टॉवेल काढून रस्त्यावर फेकला, कप्प्यातला चाकू काढला आणि सीटच्या पाठीवरच्या प्लास्टिकमध्ये खुपसून खालपर्यंत ओढला.

“अगं, काय करतेस!” अण्णा ओरडले. “गिऱ्हाईक बघतंय!”

“बघू दे!” ती म्हणाली. हात थांबले नव्हते. प्लास्टिकच्या चिंध्या रस्त्यावर पडत होत्या. “नीट बघू दे. गाडी विकायची नाही. आज पास झाले तरी नाही आणि नापास झाले तरी नाही.”

“तू शब्द दिला होतास!”

“शब्द तुम्ही दिलात, अण्णा. मी मान खाली घातली होती. आता वर केली आहे.” प्लास्टिकची आणखी एक पट्टी ओढून काढत ती बोलतच राहिली. “माझ्या पगाराची गाडी आहे ही. डाग पडले तर माझे पडतील, झिजली तर माझ्याने झिजेल. कुण्या पुढच्या मालकासाठी मी राखण करणार नाही. नाही आली किंमत तर नाही आली!”

ते टापटीप गृहस्थ नाक मुरडून आपल्या गाडीकडे चालू लागले. शेठनी तोंडात बोट घातलं. कस्तुरी उघड्या कापडावर बसली. दोन्ही बाजूंच्या कडांनी तिला कमरेत धरलं. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच ती गाडीत बसली होती.

परीक्षकांनी चाकावरची फक्की पुसून घेतली आणि झेंडा पडला. ती वर गेली. बैलथांबा आला आणि तिच्या लक्षात आलं, की आपले हात मोकळे आहेत. स्वतःला सावरायचं नव्हतं, म्हणून ते नुसती दिशा देत होते. पाय रेसच्या पेडलवरून हलला नाही. गाडी वळणाच्या आतल्या कडेला बिलगून, साध्या आवाजात, वर निघून गेली.

परीक्षकांनी वर जाऊन चाकावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. बोट काळं होतं. कठड्यावरच्या त्याच पोरांनी आता घाट डोक्यावर घेतला.

खाली अण्णा वस्तादांपुढे उभे होते. “तुम्ही माझी पोरगी बिघडवलीत,” ते म्हणाले.

“बिघडवली नाही,” वस्ताद म्हणाले. “इतके दिवस नुसती जपून ठेवली होती, ती वापरात आली.” आणि त्यांनी पेरूची एक फोड अण्णांच्या हातावर ठेवली.

कस्तुरी गाडी घेऊन खाली आली तेव्हा तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, भांडायच्या तयारीत. अण्णांनी शेजारचं दार उघडलं. नव्या जाड प्लास्टिककडे ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांनीच पैसे देऊन चढवलेलं ते प्लास्टिक.

“तो चाकू दे इकडे,” ते म्हणाले.

त्यांना ते फाडायला वेळ लागला. अशा कामाची त्यांना सवय नव्हती. मग ते आत बसले आणि तळहाताने कापडावरून हात फिरवत राहिले. “मऊ आहे गं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. गाव दिसू लागलं तेव्हा अण्णा म्हणाले, “घरी गेल्यावर ते सोनेरी काठाचे कप काढ. चहा त्यातच घेऊ.”

आपल्यापैकी प्रत्येकाने आज घरी गेल्यावर एवढंच पाहावं, की आपण बसलो आहोत ती जागा आपली आहे, की पुढच्या मालकाची.