पंतांच्या लोडापर्यंतचा रस्ता

भैरवगडच्या राजाला समुद्राकडे उतरणारा घाटरस्ता हवा होता. डोंगरात जागोजागी मजुरांच्या टोळ्या जुंपल्या आणि देखरेख आली दिवाण विसाजीपंतांकडे. पंतांना डोंगर चढवत नव्हता, पण लोडाला टेकून हुकूम सोडणं झकास जमायचं.

"नजरेआड काम म्हणजे कामचुकारपणा! रोज प्रत्येक टोळीने कचेरीत यायचं आणि काय केलं ते मला सांगायचं."

"पंत, येण्याजाण्यातच दिवस मावळेल," मुकादम तुळसाजी म्हणाला.

"मला शिकवतोस?"

टोळ्या रोज कचेरीत येऊ लागल्या, डोंगर होता तसाच राहिला.

एक दिवस राजाने रस्ता पाहायचं काढलं, तसं पंतांचं धाबं दणाणलं. भर दरबारात त्यांनी तुळसाजीकडे बोट दाखवलं, "महाराज, या आळशाने रस्ता केलाच नाही!"

राजा गरजला, "नसेल केला तर बेड्या ठोका. बोल, झाला का रस्ता?"

तुळसाजीने मुजरा केला. "झालाय की महाराज! रोज इतके पाय तुडवतात, की गवताची काडी उगवत नाही. फक्त तो समुद्राकडं जात नाही. डोंगरातून निघतो, तो थेट पंतांच्या लोडापाशी येऊन संपतो."

दुसऱ्या दिवशी राजाच्या हुकमाने त्याच रस्त्याने पंत डोंगरात गेले. लोड मात्र कचेरीतच राहिला.