ओळख सांगणारा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आफ्रिकेतल्या मोठ्या वाळवंटाकाठची. तिथे एका टेकडीवर विद्यापीठ होतं. वर्षातून एकच दिवस त्याचं दार नव्या विद्यार्थ्यांसाठी उघडे आणि सूर्य बुडाला की बंद होई.

त्या दिवशी ऊन कलल्यावर न्येले नावाची एक मुलगी दाराशी पोचली. मीठ वाहणाऱ्या मजुरांच्या वस्तीतून ती एकोणीस दिवस चालत आली होती. तळपायांना चिंध्या बांधल्या होत्या.

दारात म्हातारे कुलगुरू बसले होते. शेजारी त्यांचे आवडते आचार्य, बाकारी. कुलगुरूंनी तिला ताऱ्यांविषयी विचारलं, औषधी झाडांविषयी विचारलं, अवघड गणितं घातली. तिने सगळ्याची उत्तरं बरोबर दिली.

"शाबास!" कुलगुरू म्हणाले. "आता शेवटचं. तुझ्या वस्तीतलं आत कोण आहे? ओळख सांगणारं माणूस नसेल तर इथे प्रवेश नाही."

"आमच्यातलं आजवर कुणी आलंच नाही. मग ओळख कोण सांगणार?"

"नियम आहे, मुली. सूर्य बुडेपर्यंत थांबता येईल तुला."

बाकारींनी नजर वळवली. तेही त्याच वस्तीतले होते. एका दयाळू व्यापाऱ्याने बारा वर्षांपूर्वी 'हा माझा मुलगा' असं सांगून त्यांना इथे आणलं होतं. खरं बाहेर आलं तर आसन जाणार, मान जाणार.

तेवढ्यात न्येलेची नजर त्यांच्या उजव्या कानावर खिळली. कानाची पाळी अर्धीच होती. उंटाने कान फाडलेला एक मुलगा तांड्याबरोबर गेला तो परतलाच नाही, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची आई अजून येणाऱ्या प्रत्येक तांड्याला त्याच्याविषयी विचारी.

न्येलेचे ओठ हलले.

पण तिने ते मिटून घेतले. मान खाली घालून बसून राहिली. सावल्या लांबल्या. रखवालदाराने अडसर उचलला.

बाकारी तिच्याजवळ वाकून पुटपुटले, "तू ओळखलंस मला. मग नाव का घेत नाहीस?"

"माझ्यापायी तुमचं इथलं सगळं जाईल," ती हळूच म्हणाली. "तुमची आई बरी आहे. तेवढं सांगते आणि निघते."

ती उठली. दार करकरत मिटू लागलं.

"थांबा!" बाकारींनी दारात पाय घातला. "मी सांगतो तिची ओळख. मी तिच्याच वस्तीतला. मीही पाठीवर मीठ वाहिलंय. बारा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो."

कुलगुरूंनी मावळतीकडे पाहिलं. सूर्याची नुसती कड उरली होती.

"खोटेपणासाठी तुमचं आसन गेलं," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही सर्वांत खालच्या वर्गाला शिकवाल. पण नियम पुरा झाला. मुलीला आत घ्या."

त्या हिवाळ्यात बाकारी आईला भेटायला गेले आणि पुढच्या वर्षी दार उघडलं त्या दिवशी चार मुलांना घेऊन आले. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ आली. न्येले शिकून वैद्य झाली आणि औषधपाण्यासाठी फिरताना ओळखीच्या झालेल्या वस्त्यांतल्या मुलांची ओळख सांगायला तीही दरवर्षी दारात उभी राहू लागली. अखेर एका कुलगुरूंनी तो नियमच काढून टाकला.

तात्पर्य: शिकून वर पोचलेल्याने मागून येणाऱ्याला हात दिला, तरच त्याचं शिकणं पुरं होतं.