दोनशे धडे, एक तोंड

एका राज्यात अरिंदम नावाचा राजा होता, आणि त्या राज्याच्या डोळ्यांना शाप होता. समुद्राने गावे गिळली म्हणून परमुलखातून आलेले ओतारी तेथे वेशीबाहेर घंटा ओतून पोट भरत. त्यांच्यातल्या एकाने राजाचा घोडा चोरला. चोरी खरीच होती. पण त्या दिवसापासून नगराला प्रत्येक ओताऱ्याच्या धडावर त्या चोराचेच तोंड दिसू लागले. पाळण्यातल्या बाळालाही दाढीमिशांसकट तेच. नगर म्हणाले, हे यांचेच चेटूक. आणि वेशीला कडी लागली.

अठरा वर्षांनी राजकन्या मृगाक्षीला रानात निळा नाग डसला. राजा धावत आला, तो घोंगडी पांघरलेला एक ओतारी तिच्या पावलाला तोंड लावून बसलेला. राजाने तलवार उपसली, तसा ओतारी पळाला. राजकन्या डोळे मिटून पडली ती उठेना.

तिला महालात आणले तेव्हा कमानीवरचा धनेश पक्षी बोलला, "राजा, ज्याने विष चोखले त्यानेच हाक मारली तर ती उठेल. दुसऱ्याने मारली तर श्वास थांबेल. तीन दिवस आहेत."

पहिल्या दिवशी राजाने साऱ्या ओताऱ्यांना रांगेत उभे करून एकेकाला निरखले. दोनशे धडे, तोंड एक. दुसऱ्या दिवशी त्याने अभयाची दवंडी पिटवली. कोणी पुढे आले नाही. तिसऱ्या दिवशी धनेश म्हणाला, "तलवार ठेव आणि नाव विचार."

राजा पहिल्या झोपडीत भुईवर बसला. तेथल्या म्हातारीने घाबरत नाव सांगितले, धुनी. मग ती बुडालेल्या घराविषयी, तीन लेकांविषयी सांगू लागली, आणि सांगता सांगता चोराचे तोंड गळून पडले. खाली सुरकुत्या होत्या आणि दोनच दात होते. राजाला स्वतःची लाज वाटली. तो दुसऱ्या झोपडीत गेला, मग तिसऱ्या.

दिवस कलला तेव्हा शेवटच्या झोपडीत सावरी नावाची बाई बोलू लागली, आणि तिचे ओठ दिसले. ते विषाने निळे पडले होते.

"दवंडी ऐकून पुढे का आली नाहीस?" राजाने विचारले.

"घोड्याच्या चोरीच्या वेळी आपल्या अभयावर माझा भाऊ साक्ष द्यायला पुढे आला होता, महाराज. तो परतला नाही. पण मी लपलेही नव्हते. परवा रांगेत पहिली मीच होते. ओठ असेच होते. आपण निरखून पाहिलेत."

 राजाने मुकुट उतरवून तिच्या पायांवर डोके ठेवले. सावरी उठली, महालात गेली, तिने हाक मारली, आणि मृगाक्षीने डोळे उघडले.

वेशीची कडी त्याच दिवशी निघाली. राजाचा शाप सुटला होता. नगराचा सुटायला वर्षे लागली, कारण प्रत्येकाला वस्तीत स्वतःच जाऊन बसावे लागले. सावरीच्या भावाचे खरे तोंड मात्र राजाला कधीच दिसले नाही.