हलगी ज्याच्या हाती, त्याने बोलायचं

तळ्याकाठच्या एका गावात एक म्हातारा दवंडीवाला राहायचा. उभा जन्म त्याने हलगी वाजवून राजाचे हुकूम ओरडले. शेवटी आवाज बसला. पण म्हातारा स्वस्थ बसेल तर शपथ! रोज संध्याकाळी तो पारावर मुलं जमवू लागला. हलगी ज्याच्या हाती, त्याने आज काय पाहिलं ते सांगायचं. बाकीच्यांनी ऐकून एकेक प्रश्न विचारायचा. मध्येच हसेल त्याची पुढची पाळी.

कुंभाराची मुलगीही यायची, पण हलगी हातात आली की तिने मिठाची गुळणी धरलीच म्हणून समजा.

"घरी मडक्यांपुढे बोलून बघ," दवंडीवाला म्हणाला. "ती हसत नाहीत."

पोर मडक्यांपुढे बोलली, मग दोघांपुढे, मग चौघांपुढे. वर्षभराने ती साऱ्या पारापुढे बोलू लागली.

एकदा राजाचा कारभारी गावात आला. कुंभारांमुळे तळं बिघडतं, असे कोणीतरी त्याचे कान भरले होते. "उद्यापासून तळ्यातली माती काढणं बंद. चालेल ना?" त्याने कुंभारांना विचारलं.

या कुंभारांची एक खोड होती. मोठा माणूस काहीही बोलो, मान खाली घालून "जी सरकार" म्हणायचं. आताही तेच म्हणाले. चाकं थांबणार, चुली विझणार, आणि हे आपले जी सरकार!

कारभारी घोड्याकडे वळला. बापाने मुलीचा हात धरला, तरी ती पुढे झाली.

"सरकार, मी पाहिलं ते सांगते. आम्ही गाळ काढतो तिथे भर उन्हाळ्यातही पाणी टिकतं. काढत नाही तिथे आत्ताच चिखल झालाय. बांबू घालून बघा."

कारभाऱ्याने बांबू घालून पाहिलं. पोरीचं खरं निघालं.

"मग मघाशी जी का म्हणालात?" त्याने कुंभारांना विचारलं. कुंभारांनी पुन्हा माना खाली घातल्या. त्याने हुकूम मागे घेतला.

तळ्यातून काढलेल्या नव्या मातीचं पहिलं मडकं घेऊन मुलगी पारावर गेली आणि दवंडीवाल्याच्या पाया पडली. "आजोबा, आमची चाकं तुमच्यामुळे फिरतायत. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

म्हाताऱ्याने मडकं बोटाने वाजवून बघितलं. त्याचे डोळे भरून आले. "जन्मभर मी दुसऱ्याचं बोलणं ओरडत फिरलो, पोरी. तू स्वतःचं बोललीस. माझं सार्थक झालं."

दुसऱ्या संध्याकाळी मुलांच्या रांगेत मुलीचा बापही येऊन बसला. हलगी हातात घेऊन तो बराच वेळ अडखळला. पण कोणी हसलं नाही.

तात्पर्य काय, तर बोलायचं धाडस ऐन वेळी सापडत नाही. ते रोज थोडं थोडं कमवावं लागतं, आणि ज्यांनी आपलं अडखळणं न हसता ऐकून घेतलं, त्यांचे उपकार जन्मभर फिटत नाहीत.